ॲम्बॅसडरच्या ब्लॉकमध्ये वॉटर पंपाचा बोल्ट तुटलाय, मदत हवी (ठाणे)

पाचपाखाडीकर · शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

गाडी ॲम्बॅसडर मार्क 4, 1984 ची, पेट्रोल. 1489 सीसीचं बी-सिरीज इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं. वडिलांनी नवी घेतली होती, गेली सहा वर्षं मी चालवतोय. महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढतो, उभी ठेवलेली मला बघवत नाही.

गेल्या रविवारी मुंब्रा बायपासच्या चढावर टेम्परेचरचा काटा वर गेला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारक्या भोकातून पाण्याची धार लागलेली. म्हणजे पंपाचं सील गेलं. नवीन पंप मिळाला, काल रेडिएटर उतरवला आणि आज पंप काढायला बसलो.

चार बोल्टांपैकी तीन आले. चौथा, खालच्या बाजूचा, हलेना. पान्याला पाइप घातला, जोर लावला, टक्‌ असा आवाज झाला आणि मुंडी पान्यात आली. पंप ठोकून ओढून काढला. बोल्टाचा पंपाच्या जाडीएवढा दांडा ब्लॉकमधून बाहेर राहिला होता. त्याला लॉकिंग प्लायरने पकडून पिळलं. अर्धा फेरा फिरला म्हणून मी खूश झालो, पण तो फिरत नव्हता, आतल्या आत पिळला जात होता. दुसऱ्यांदा तुटला. आता ब्लॉकच्या तोंडापासून 2 मिमी आत आहे, टोक वेडंवाकडं.

उत्तरपाड्याला गाडी बनायची थांबली 2014 मध्ये. जुना ब्लॉक भंगारात शोधता येईल, पण गाडीवर आणि कागदावर नंबर आहे तो याच ब्लॉकचा, आणि वडिलांच्या हातचं इंजिन आहे. मला हाच वाचवायचा आहे. पुढचं पाऊल काय टाकू?

घोडबंदर_रायडर · शनिवार, रात्री 10:05

ईझी आउट (तुटलेला बोल्ट बाहेर काढायची खुंटी) घ्या दादा. हार्डवेअरच्या दुकानात पाच नगांचा सेट मिळतो. मध्ये ड्रिल मारा, ईझी आउट ठोका, उलटा फिरवा, 10 मिनिटांचं काम. मी बुलेटच्या सायलेन्सरचा स्टड असाच काढलाय.

कळवा_पूल · शनिवार, रात्री 10:12

फोटो टाका. आणि तोपर्यंत काही करू नका, प्लीज.

जुना_फिटर · शनिवार, रात्री 11:20

पाचपाखाडीकर, आज रात्री हत्यारं आवरून ठेवा आणि झोपा. ब्लॉक कुठे पळून जात नाही.

रायडर, तुमचा बुलेटचा स्टड निघाला याचा आनंद आहे, पण इथे ईझी आउट लावू नये असं माझं ठाम मत आहे आणि का ते सांगतो. मी ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यात 31 वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. तुटलेले बोल्ट काढणं हे आमचं रोजचंच काम होतं, आणि त्यातले सगळ्यात अवघड बोल्ट कुठले, तर ज्यांच्या पोटात आधीच कुणीतरी ईझी आउट मोडून ठेवलाय ते.

विचार करा. अख्ख्या जाडीचा बोल्ट, त्याला पाइप लावलेला पाना, एवढ्या जोराने तो सुटला नाही, तुटला. आता त्याच बोल्टाच्या मध्यात 4 मिमीचं भोक पाडून त्यात जाणारी बारकी उलट्या आट्यांची खुंटी त्याला सोडवणार? जोर तेवढाच लागणार आहे आणि खुंटी बोल्टाच्या निम्म्या जाडीची. शिवाय ती निमुळती असते. जितकी आत जाते तितका बोल्ट फुगतो आणि भोकाच्या भिंतीला आणखी दाबून बसतो. ती मोडली की आत कडक पोलादाचा तुकडा राहतो, ज्यावर साधा एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल नुसता घसरतो. मग घसरून बाजूच्या मऊ बिडात घुसतो आणि भोक वाकडं होतं.

नुसता ताण सुटल्यामुळे बोल्ट आत सैल राहिला असेल तर ईझी आउट छान चालतो. मुंडी जास्त आवळल्यामुळे तुटली असेल तेव्हा असं होतं. जाम बोल्टाला नाही.

एक बोलू का? पहिल्यांदा मुंडी तुटली तेव्हा तुमच्याकडे बोटभर दांडा होता. त्या वेळी थांबला असता तर दहा उपाय होते. हे दोष द्यायला नाही लिहीत, पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहितोय. मुंडी गेली म्हणजे बोल्ट गेला असं नसतं. दांडा आहे तोवर तेल, गरमी आणि दिवस, या तिघांना वेळ द्यायचा.

रबाळे_वेल्डर · रविवार, सकाळी 7:50

फिटर काकांशी ईझी आउटबद्दल 100 टक्के सहमत. माझा उपाय वेगळा आहे, नट वेल्ड करा.

2 मिमी आत असेल तरी होतं. बोल्टावर एक जाड वॉशर ठेवायचा, वॉशरच्या भोकातून मिग वेल्डिंगने बोल्टाच्या टोकावर थेंब थेंब भरत वर यायचं, वॉशरला जोडायचं, मग वॉशरवर नट ठेवून नटाच्या पोटात भरायचं. बाजूच्या बिडाला वेल्ड सहसा नीट धरत नाही, ते आपल्या फायद्याचं. खरा फायदा मात्र पकडीचा नाहीच, गरमीचा आहे. बोल्ट लाल होतो, फुगतो, भोवतीचा गंज चिरडतो, आणि थंड होताना आकसतो. गंजाची पकड तिथेच सुटते. लाली गेली, काळा पडला, की मग पाना लावायचा. लाल असताना फिरवलं तर मऊ लोखंड परत पिळणार. आणि एका दिशेला ओढत राहायचं नाही: थोडं उलटं, थोडं सुलटं, तेल, परत उलटं.

पहिला नट बहुतेक वेळा तुटून येतो. दुसरा, तिसरा लावायचा. मी एकदा सात नट लावलेत.

बॅटरीची आणि डायनॅमोची वायर सोडल्याशिवाय गाडीवर वेल्डिंग करू नका, कुणाकडूनही करून घेऊ नका.

मार्क_थ्री · रविवार, सकाळी 9:15

वेल्डिंगला माझा विरोध आहे. बिडाच्या ब्लॉकला एकाच जागी एवढी गरमी दिली आणि पुढची भिंत तडकली तर बोल्ट निघून काय उपयोग? शिवाय पंपाच्या बोल्टांमागे पाण्याचं जॅकेट, म्हणजे ब्लॉकमधली पाणी फिरायची पोकळी आहे.

रबाळे_वेल्डर · रविवार, सकाळी 9:40

बीड तडकतं ते गरम केल्याने नाही, एका जागी गरम आणि शेजारी गार राहिल्याने, किंवा गरम बिडावर पाणी ओतल्याने. 8 मिमीच्या बोल्टावर चार सेकंदांचा थेंब टाकला तर ब्लॉकला हात लावता येईल इतपतच गरमी जाते. गॅस कटरची ज्योत ब्लॉकवर धरून बसणं वेगळं, ते मीही करणार नाही. पण तुमची काळजी रास्त आहे. हात बसलेला माणूस हवा, नवशिक्याचं काम नाही.

नेरूळकरीण · रविवार, सकाळी 11:02

मी मशीन डिझाइनमध्ये आहे, गाड्यांची आवड वडिलांमुळे. एक प्रश्न विचारते, कारण तो अजून कुणीच विचारलेला नाही.

बोल्ट तुटला का?

त्याच पंपाचे तीन बोल्ट सुटले. तेच पाणी, तेच बीड, तीच वर्षं. चौथ्यालाच काय झालं? पाचपाखाडीकर, तुटलेली मुंडी टाकून दिली नसेल तर तिच्यावर काय लिहिलंय ते बघाल का? आणि चारही मुंड्यांना एकच पाना लागला का?

पाचपाखाडीकर · रविवार, दुपारी 1:30

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांचा प्रतिसाद वाचून खरंच हत्यारं आवरली.

नेरूळकरीण ताई, मुंडी आहे. आत्ता ब्रशने घासली. वर 8.8 असं कोरलंय. बाकीच्या तिघांवर 8.8 नाही.

पान्याचं तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. तीन बोल्टांना अर्ध्या इंचाचा पाना बसला होता. चौथ्याला तो जाईना, म्हणून गंज चढून मुंडी फुगली असेल असं समजून मी 13 चा घेतला. तो चपखल बसला.

नेरूळकरीण · रविवार, दुपारी 1:48

मग गंज हे कारण नाहीच, किंवा निदान पहिलं नाही.

8.8 हा मिमीच्या बोल्टाचा मजबुतीचा ग्रेड आहे. 13 ची मुंडी म्हणजे एम 8. तुमच्या इंजिनाचे बोल्ट इंची आहेत, 5/16 चे, त्यांची मुंडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिमी. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी. एम 8 म्हणजे 8. हातात घेतले तर दोन्ही जुळे भाऊ. पण आटे वेगळे: 5/16 मध्ये इंचाला 18 किंवा 24 आटे असतात, एम 8 चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.25 मिमी, म्हणजे इंचाला साधारण 20. दोन-तीन आटे हाताने आत जातात, मग अडकतं, आणि पाना लावला की बोल्ट स्वतःची वाट कापत आत शिरतो.

पूर्वी कधी पंप बदलला होता का?

पाचपाखाडीकर · रविवार, दुपारी 2:20

हो. 2016 मध्ये, वडील चालवत होते तेव्हा, एका गॅरेजमध्ये. गाडी तीन दिवस तिथे होती. एक बोल्ट हरवला असणार आणि डब्यातला हाताला लागला तो घातला असणार. वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी एका बोल्टासाठी मुंबईतला हार्डवेअरचा बाजार, नागदेवी स्ट्रीट, पालथी घातली असती. मला आत्ता खूप वाईट वाटतंय.

जुना_फिटर · रविवार, दुपारी 4:10

नेरूळकरीण ताई, नमस्कार करतो तुम्हाला. हा प्रश्न मी पहिला विचारायला हवा होता.

यामुळे सगळं काम बदलतं, ते कसं ते बघा. गंजाने धरलेला बोल्ट असेल तर तेल, गरमी, ठोके उपयोगी पडतात, कारण मध्ये गंजाचा थर असतो आणि तो फुटतो. इथे लोखंडात लोखंड घुसून बसलंय. आट्यांची बोटं एकमेकांत चुकीची अडकली आहेत, त्यावर 8 वर्षांपेक्षा जास्त गंज. रबाळे दादांचा नट कदाचित त्याला फिरवेलही, पण फिरताना तो ब्लॉकचे उरलेसुरले आटे ओरबाडत येईल. म्हणून आता फिरवून काढायचा विचार सोडा. मधोमध पोखरून काढायचा. पोखरलेल्या बोल्टाची भिंत पातळ झाली की ताण आपोआप उतरतो आणि सालपट आत कोसळतं.

सगळा खेळ ‘मधोमध’ या शब्दात आहे. बोल्ट पोलादाचा, ब्लॉक बिडाचा, आणि बीड त्याच्यापेक्षा मऊ. तोंड वेडंवाकडं तुटलंय. हातात ड्रिल धरून मारलं तर बिट पहिल्या सेकंदाला मऊ बाजूला पळणार. कितीही नजर चांगली असली तरी पळणार.

त्यासाठी तुमच्याकडे फुकटात एक उत्तम हत्यार पडलंय. जुना पंप. तो फेकू नका.

पंपाच्या ज्या भोकातून तो बोल्ट जात होता ते ब्लॉकच्या भोकाच्या बरोब्बर समोर आहे आणि चांगलं लांब आहे. जुना पंप तीन चांगल्या बोल्टांनी ब्लॉकवर परत आवळा. चौथ्या भोकात लेथवर काढलेला बुश, म्हणजे जाड भिंतीची नळी, घाला: बाहेरचं माप पंपाच्या भोकाचं, आतलं 3 मिमी. त्या बुशातून 3 चा ड्रिल सोडा. त्याला पळायला जागाच नाही.

लेथ_वागळे · रविवार, संध्याकाळी 6:30

बुश मी काढून देतो. वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं टर्निंग शॉप आहे, पाचपाखाडीहून रिक्षाने 10 मिनिटं. पैशांचं नंतर बघू. माझे आजोबा कलकत्त्याहून ॲम्बॅसडर चालवत ठाण्याला आले होते, या गाडीसाठी एवढं करेन.

फक्त पंपच घेऊन या, मोजलेलं माप नको. जुन्या पंपाचं भोक गोल राहिलेलं नसतं, मी आधी रीमर (भोक नेमकं गोल करायचं हत्यार) फिरवून सरळ करेन आणि त्यावर बुश बसवेन. हाताने दाबून आत गेला पाहिजे आणि हलता कामा नये. दोन बुश काढू, एक 3 चा, एक 5 चा. 6 चा ड्रिल मग 5 च्या भोकामागे आपोआप सरळ जातो.

रबाळे_वेल्डर · रविवार, संध्याकाळी 7:15

नेरूळकरीण ताईंचं बरोबर आहे. मी माझा उपाय मागे घेतो. ड्रिलच करा.

मार्क_थ्री · रविवार, संध्याकाळी 7:45

खोली कशी ठरवणार? भोक बंद आहे की जॅकेटमध्ये उघडतं? ड्रिल जास्त आत गेला तर पाणी बोल्टातून झिरपेल.

जुना_फिटर · रविवार, रात्री 8:30

मार्क थ्री, चांगला मुद्दा. शेजारच्या रिकाम्या भोकांमध्ये तार घालून खोली मोजा, ती बुशाच्या तोंडापर्यंतच्या लांबीत मिळवा आणि ड्रिलवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. टेप बुशाला टेकला की थांबा.

पण टेपपेक्षा खरं बोलतो तो चुरा. हे नीट वाचा. बोल्टाच्या पोलादाचा चुरा कुरळा येतो, चमकदार केसांसारखा. बिडाचा चुरा म्हणजे काळपट भुकटी, बोटाला पेन्सिलीच्या शिशासारखी लागते, कारण बिडात ग्राफाइट असतं. दर 3 ते 4 मिमीला ड्रिल बाहेर काढा, चुरा पांढऱ्या कागदावर झाडा. कुरळे केस म्हणजे तुम्ही बोल्टात आहात. काळी भुकटी आली की हात थांबलाच पाहिजे. एकतर बोल्ट संपलाय, नाहीतर बाजूला गेलात.

कमी स्पीड, नवा बिट, भरपूर कटिंग ऑइल. 8.8 चा बोल्ट आहे, बिट नुसता घासत राहिला तर जागा कडक होते आणि मग काही चालत नाही. दाबून कापा, नाहीतर बाहेर काढा. चष्मा घाला.

कळवा_पूल · रविवार, रात्री 8:50

डावा ड्रिल मिळाला तर 5 चा तो घ्या. उलट फिरतो, म्हणजे बोल्ट सुटायच्या दिशेने कापतो. कधी कधी बिट अडकतो आणि तुकडा स्वतःहून बाहेर येतो. ड्रिल मशीन रिव्हर्सवर चालणारं हवं. ठाण्यात मला मिळाला नव्हता, नागदेवीला मिळाला.

महापे_टूलरूम · सोमवार, सकाळी 10:20

कुणाच्या ब्लॉकात ईझी आउट किंवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आधीच मोडलेला असेल तर निराश होऊ नका. महापे, रबाळे, पवणे या पट्ट्यात स्पार्क मशीन असलेल्या बऱ्याच टूलरूम आहेत. विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणाने उडवतात, तो कडक असो की मऊ, ठिणगीला फरक पडत नाही. आट्यांना धक्का लागत नाही. अडचण एवढीच की साध्या मशीनवर जॉब तेलाच्या टाकीत बुडवावा लागतो, म्हणजे ब्लॉक उतरवून मोकळा करून आणावा लागेल. मोडलेले टॅप काढायची छोटी फिरती मशीनं काही जणांकडे असतात, ती ब्लॉकच्या तोंडावर बसवता येतात. फोन करून आधी विचारा.

पाचपाखाडीकर · सोमवार, रात्री 10:00

शनिवारी वागळेला जातोय. सोसायटीत दुपारी 2 ते 4 ड्रिल चालवायला मनाई आहे, म्हणून रविवारी सकाळी काम. डावा ड्रिल कळवा पूल यांनी स्वतःचा द्यायचं कबूल केलंय. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरच्या ऑइलचं निम्मं-निम्मं मिश्रण तोपर्यंत रोज चार थेंब टाकतोय. एका भावाने सुचवलं होतं, त्याने नुकसान तर नाही ना?

जुना_फिटर · सोमवार, रात्री 10:15

नुकसान नाही, इथे फायदाही फारसा नाही. टाका. ॲसिटोन पेट घेतं, ड्रिलच्या दिवशी टाकू नका आणि बाटली लांब ठेवा.

पाचपाखाडीकर · पुढचा रविवार, रात्री 9:10

निघाला!

सविस्तर लिहितो, कारण प्रत्येकाने काही ना काही सांगितलेलं उपयोगी पडलं.

शनिवारी लेथ वागळेंकडे गेलो. पंपाचं भोक खरंच अंडाकृती झालेलं होतं. त्यांनी रीमर फिरवला आणि माझ्यासमोर दोन बुश काढले. अर्धा तास लागला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्यांनीच पाजला.

आज सकाळी 8 वाजता पंप तीन बोल्टांनी आवळला. ग्रिल आणि ब्लॉक यांच्यामध्ये रेडिएटरची जागा मोकळी असल्याने छोटं ड्रिल मशीन सरळ धरता आलं. पंप लावलेला असल्यामुळे ब्लॉकचं पाण्याचं तोंडही झाकलं गेलं, एक कणही जॅकेटमध्ये गेला नाही. हा फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता.

3 च्या ड्रिलने पहिले 2 मिमी सगळ्यात भीतीचे होते. वेडंवाकडं टोक असल्याने ड्रिल बुशाच्या आत थरथरत होता. मग बसला. कागदावर कुरळे केस. परत काढला, परत केस. तारेने मोजलेली शेजारच्या भोकाची खोली 19 मिमी होती. 14 मिमीवर काळी भुकटी आली आणि माझ्या पोटात गोळा आला. थांबलो. काकांना फोन लावला (नंबर त्यांनी निरोपातून दिला होता). त्यांनी विचारलं, ‘भुकटीत केस मिसळलेत का नुसती भुकटी?’ नुसती भुकटी होती. ‘मग बोल्ट संपला. बाजूला गेला असता तर दोन्ही मिसळून आलं असतं.’ म्हणजे बोल्ट भोकाच्या तळापर्यंत गेलेलाच नव्हता. चुकीच्या आट्यांमुळे मध्येच अडकला होता आणि तसाच आवळून टाकला होता. भुकटी होती ती त्याने आत जाताना खरवडून पुढे लोटलेल्या बिडाची.

5 चा डावा ड्रिल लावला. बोल्ट फिरला नाही, पण भोक आरशासारखं गोल झालं. मग 6 चा. काकांनी 6 च्या पुढे जायचं नाही असं बजावलं होतं. पंप काढून टॉर्च मारून बघितलं तर बोल्टाची भिंत कागदासारखी उरलेली, आणि एका बाजूला ती थोडी जास्त पातळ, म्हणजे केंद्र अगदी थोडंसंच हललं होतं. टोकदार पोकरने पहिला आटा आत वळवला, बारक्या चिमट्याने धरला आणि ओढला. स्प्रिंगसारखी तार उलगडत बाहेर आली. तिचे तीन तुकडे झाले. सगळे मिळून 12 मिनिटं.

ते तुकडे मी डबीत ठेवलेत.

आता प्रश्न आट्यांचा. बाकीच्या भोकांना आटे मोजायच्या इंची गेजचं जे पान बसतं त्याच मापाचा टॅप हाताने हळूच फिरवला. तळाचे आटे, जिथे तो बोल्ट पोचलाच नव्हता, ते जिवंत आहेत. वरचे जवळपास मेलेत. नवीन बोल्ट जातो, बसतो, पण हलवला की डुलतो. असाच चालवू की हेलीकॉइल (भोकात बसवायची, नव्या आट्यांची स्टीलची कॉइल) टाकू?

घोडबंदर_रायडर · रविवार, रात्री 9:30

अभिनंदन दादा! मी सुचवलेलं ऐकलं नाहीत ते बरं झालं. धाग्यातून खूप शिकलो. बुलेटच्या बोल्टांच्या मुंड्या आज सगळ्या तपासल्या.

मार्क_थ्री · रविवार, रात्री 9:45

लांब बोल्ट घ्या, तळाच्या चांगल्या आट्यांत जाऊ द्या, आट्यांना सीलंट लावा. झालं काम. कॉइल नको.

नेरूळकरीण · रविवार, रात्री 10:05

मी कॉइलच्या बाजूने आहे. तो पंप नुसता पाणी फिरवत नाही. पंखा त्याच्यावर आहे, पट्ट्याचा ताण त्याच्यावर आहे. चारपैकी एक बोल्ट तळाच्या चार आट्यांवर लटकला तर पंप अगदी थोडा हलत राहील, गॅस्केट घासेल, आणि वर्षभरात तुम्ही परत मुंब्रा बायपासला उभे राहाल. नीट बसवलेली स्टीलची कॉइल बिडाच्या मूळ आट्यांपेक्षा दणकट असते.

लेथ_वागळे · रविवार, रात्री 10:20

ताईंना +1. कॉइल घालताना परत तोच पंप वापरा, त्याच्या मापाचा वेगळा बुश काढून देतो, म्हणजे कॉइलचं भोकही सरळच पडेल. ड्रिलचं माप कॉइलच्या पाकिटावर असतं, अंदाजाने घेऊ नका. कॉइलचा टॅप वेगळा असतो, साधा चालत नाही. कॉइलचं वरचं टोक ब्लॉकच्या तोंडाच्या पाव ते अर्धा आटा खाली राहू द्या. खालची शेपटी मोडून चिमट्याने बाहेर काढायला विसरू नका.

पाचपाखाडीकर · त्यापुढचा रविवार, संध्याकाळी 7:00

कॉइल बसली. नवीन पंप, नवीन गॅस्केट, चारही बोल्ट इंची, एकाच दुकानातून, चौघांना अर्ध्या इंचाचा पाना. आट्यांना सीलंट. लांब पाना वापरला नाही, छोट्या पान्याने आडवे-उभे थोडे थोडे करत आवळले.

जुनं पाणी काढलं तेव्हा ते चहाच्या रंगाचं होतं. आम्ही कायम नळाचं पाणी घालायचो. नेरूळकरीण ताईंनी निरोपात कूलंटचं समजावलं: त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात, आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून ते नको असं नसतं. सिस्टीम तीनदा स्वच्छ धुऊन डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरलं.

आज दुपारी मुंब्रा बायपास परत चढलो. वडील शेजारी बसले होते, वय 79, सबंध चढावर त्यांची नजर काट्यावर. काटा मधल्या रेघेच्या अलीकडे राहिला. वर पोचल्यावर म्हणाले, ‘बोल्ट दाखव.’ मी डबी दिली. त्यांनी मुंडी चष्म्याजवळ धरून 8.8 वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या तीन दिवसांत मी एकदाही गॅरेजला जाऊन उभा राहिलो नव्हतो.

जुना_फिटर · रविवार, रात्री 8:15

त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि सांगा की दोष त्यांचा नाही. शेजारी उभं राहिलं असतं तरी तो बोल्ट नजरेने ओळखता आला नसता. मलाही नसता आला.

सीवूड्स_ॲम्बी · मंगळवार, रात्री 11:40

आत्ताच सबंध धागा वाचला. माझी 1988 ची, पंप गळायला लागलाय. चारही बोल्ट अजून जागेवर आहेत, हात लावलेला नाही. मुंड्या घासून बघितल्या. दोघांवर 8.8 आहे.

पाचपाखाडीकर · बुधवार, सकाळी 6:55

पाइप लावू नका. त्या दोघांना आधी हाताच्या छोट्या पान्याने हळूच पाव फेरा सोडवून बघा, हलले तर परत आत, परत बाहेर, असं तेल टाकत. हलले नाहीत तर मुंडी वाचवायच्या मागे न लागता मुंडीच ड्रिलने उडवा, म्हणजे पंप निघेल आणि लांब दांडा हातात राहील. मग इथे लिहा.

बुश माझ्याकडे आहेत, 3 आणि 5 चे. जुना पंपही ठेवलाय, भोकं सरळ केलेला. शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा.